माळावरचे पिवळे फुलपाखरू, त्याचे दोन पोशाख आणि टाकळा

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुरंदर तालुक्यातील एका शेताला लागून सुमारे दोन एकरांचा गवताळ माळ आहे. भाद्रपद-आश्विनात तिथे शेकडो लहान पिवळी फुलपाखरे गवतालगत उडतात. मार्गशीर्षापासून जी दिसतात ती संख्येने थोडी, रंगाने फिकट आणि पंखांच्या खालच्या बाजूला तपकिरी डाग असलेली असतात. ही एकच जात की दोन? नाव ‘ग्रास यलो’ असल्याचे कळल्यावर प्रश्नकर्त्याने गवताच्या पात्यांवर अळ्या शोधल्या, पण एकही सापडली नाही. त्यातच वडिलांचे म्हणणे असे की माळावर टाकळा माजला आहे, यंदा तो समूळ उपटून काढला तर गुरांसाठी स्वच्छ गवत मिळेल. तसे केल्याने फुलपाखरांचे नुकसान होईल का?

हे तीन प्रश्न वेगवेगळे वाटतात, पण माझ्या मते ते एकाच प्रश्नाचे तीन भाग आहेत, आणि त्याचे उत्तर तुमचे वडील जे रोप उपटू पाहत आहेत त्याच्याच पानांवर आहे. पुणे आणि सातारा जिल्ह्यांतील माळरानांवर मी गेली बावीस वर्षे फुलपाखरांच्या नोंदी करत आलो आहे आणि त्यातील बराच काळ या पिवळ्या फुलपाखरांच्या मागे गेला आहे. तुमचा माळ मात्र मी पाहिलेला नाही. माती किती खोल आहे, पाऊस किती दिवस टिकतो, गुरे कधी सोडली जातात, जवळ बारमाही पाण्याचा ओढा आहे का, यांवर बरेच काही ठरते. जिथे उत्तर अशा गोष्टींवर अवलंबून आहे तिथे मी तसे स्पष्ट सांगेन.

आधी ओळख पक्की करू. तुम्ही केलेल्या वर्णनावरून हे कॉमन ग्रास यलो, म्हणजे युरेमा हेकाबे, असावे. स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनिअसने १७५८ मध्ये या जातीला नाव दिले आणि ते ग्रीक पुराणकथांतील ट्रॉयच्या राणीवरून घेतले. आफ्रिकेपासून भारतमार्गे ऑस्ट्रेलियापर्यंत ही जात पसरलेली आहे. परंतु आपल्या माळांवर याच्या जोडीने थ्री-स्पॉट, स्पॉटलेस आणि स्मॉल ग्रास यलो ही आणखी तीन भावंडे उडतात आणि उडताना ती सारखीच दिसतात, त्यामुळे ‘शेकडो’मध्ये थोडी सरमिसळ असण्याची शक्यता धरूनच चालावे. ओळखण्यासाठी फुलपाखरू बसल्यावर पाहावे लागते, आणि बसल्यावर ते पंख मिटूनच बसते, म्हणून खालची बाजू नीट न्याहाळण्याची सवय करा. पुढच्या पंखाच्या खालच्या बाजूला, मुळाकडच्या बंदिस्त कप्प्यात, लहान तपकिरी खुणा असतात. कॉमन ग्रास यलोच्या कप्प्यात त्या दोन असतात, थ्री-स्पॉटच्या कप्प्यात तीन, तर स्पॉटलेसच्या कप्प्यात एकही नसते. स्पॉटलेसच्या मागच्या पंखाखाली दोन आडव्या रेषा असतात आणि कोरड्या दिवसांत त्याच्या पुढच्या पंखाचे टोक गोल न राहता कापल्यासारखे चौकोनी दिसते. स्मॉल ग्रास यलो या सर्वांत लहान असते. त्याच्या वरच्या काळ्या काठाची आतली कड साध्या वळणाची असते. कॉमनमध्ये मात्र ती कड मध्येच खोल खाचल्यासारखी आत-बाहेर जाते. ही खाच उडतानाच्या छायाचित्रातही दिसते आणि माझ्या अनुभवात ती सर्वांत भरवशाची खूण आहे. तुम्ही मार्गशीर्षातल्या फुलपाखरांच्या पुढच्या पंखाच्या टोकाजवळ तांबूस-तपकिरी डाग असल्याचे लिहिले आहे. तो डाग कॉमन ग्रास यलोच्या कोरड्या ऋतूतील रूपाचे लक्षण आहे, म्हणून पुढचे विवेचन मी याच जातीला धरून करतो.

पंख पसरले तर या फुलपाखराची रुंदी ४० ते ५० मिलिमीटर भरते. वरचा रंग लिंबासारखा पिवळा असून पुढच्या पंखाच्या टोकाला आणि बाहेरच्या कडेला काळा काठ असतो. मादीचा पिवळा रंग नराच्या मानाने थोडा फिका असतो. नराचे पंख अतिनील प्रकाश परावर्तित करतात. आपल्या डोळ्यांना तो दिसत नाही, पण मादीला दिसतो. म्हणजे आपण ज्याला साधा पिवळा म्हणतो तो त्यांच्या दृष्टीने साधा नसतो. पावसाळ्यात जन्मलेल्या पिढीचा काळा काठ रुंद आणि गडद असतो, तर खालच्या बाजूवर खुणा अगदी पुसट असतात. कार्तिकानंतरच्या पिढीत काठ अरुंद होतो, कधी तो टोकापुरताच उरतो, आणि खालच्या बाजूवर तपकिरी शिंतोडे व टोकाजवळचा मोठा डाग उमटतो.

म्हणजे तुम्ही पाहिलेली दोन रूपे एकाच जातीची आहेत. इथे एक गैरसमज मात्र दूर केला पाहिजे, कारण तो मलाही सुरुवातीला होता. एखाद्या फुलपाखराचा काठ ऋतू बदलला म्हणून अरुंद होत नाही. कोशातून बाहेर पडल्यावर पंखांची नक्षी कायमची ठरलेली असते. बदलते ती पुढची पिढी. अळी वाढत असताना तिला किती लांबीचा दिवस मिळाला आणि किती उष्णता मिळाली, त्यावर तिच्या पंखांचे रूप ठरते. जपानमधील अभ्यासकांनी प्रयोगशाळेत या गटातल्या अळ्यांना दिवसाची वेगवेगळी लांबी आणि वेगवेगळे तापमान देऊन हे दाखवून दिले आहे: मोठा दिवस आणि उष्ण हवा मिळाली तर रुंद काठाचे रूप, लहान दिवस आणि थंडावा मिळाला तर अरुंद काठाचे. आपल्याकडे सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान दिवसात दोन तासांहून थोडाच अधिक फरक असतो, त्यामुळे दख्खनच्या माळावर रात्रीच्या थंडीचा वाटा मोठा असावा असे माझे मत आहे. मी ऑक्टोबरच्या अखेरीस घरी वाढवलेल्या अळ्यांमधून धड पावसाळी नाही आणि धड हिवाळी नाही अशी मधली रूपेही निघाली. तुमच्या माळावर दिवाळीच्या आसपास अशी मधली रूपे नक्की दिसतील.

या बदलाचा उपयोग काय, हे समजण्यासाठी पुस्तकापेक्षा माळ अधिक कामी येतो. सप्टेंबरात हिरव्या टाकळ्याच्या पानाखाली हे फुलपाखरू पंख मिटून बसले की स्वच्छ पिवळा-हिरवा रंग उजेडात मिसळून जातो. जानेवारीत तेच गवत वाळलेले असते, पाने पिवळी पडून त्यांवर तांबेरा आलेला असतो आणि अशा जागी डाग पडलेला फिकट पंख वाळलेल्या पानासारखा दिसतो. सकाळी लवकर, दव असताना, बांधाच्या कडेने पानांखाली वाकून पाहिले तर ही गोष्ट पटते. एकाच फांदीवर दोन-तीन फुलपाखरे असूनही शेजारच्या पानाला हात लागेपर्यंत ती आपल्याला दिसत नाहीत.

आता अळ्यांकडे येऊ. ‘ग्रास’ हा शब्द या फुलपाखराच्या नावात त्याच्या वावरामुळे आला आहे, खाण्यामुळे नव्हे. ते गुडघ्याएवढ्या उंचीवरून गवताच्या शेंड्यांना लागून उडते, उन्हाने तापलेला उघडा माळ, रस्त्याची कड, रानाची सीमा अशा जागा त्याला आवडतात आणि दाट सावलीत ते फारसे शिरत नाही. गवत खाणाऱ्या अळ्या असतात त्या वेगळ्या फुलपाखरांच्या. उदाहरणार्थ, संध्याकाळी घरात दिव्याकडे येणारे मोठे तपकिरी ईव्हनिंग ब्राऊन: त्याची अळी गवतावर आणि भाताच्या पानावरही जगते. ग्रास यलोच्या अळीला मात्र शेंगवर्गीय वनस्पती लागतात. टाकळा ही त्यातली माळावरची मुख्य वनस्पती. त्याखेरीज कासविंदा, बांधावरची शेवरी, शिरीष आणि विलायती चिंच यांच्या कोवळ्या पानांवरही ती वाढते. तुम्ही गवताच्या पात्यांवर शोध घेतलात, तेव्हा अळ्या बहुधा तुमच्यापासून हातभर अंतरावर टाकळ्यावर होत्या.

अंडी शोधण्याची माझी पद्धत सांगतो, कारण तिने वेळ वाचतो. सकाळी साडेनऊ ते साडेअकराच्या दरम्यान, ऊन पडलेले असताना, माळाच्या कडेला उभे राहावे आणि फुलांकडे दुर्लक्ष करावे. नर सरळ, वेगाने आणि न थांबता फिरतात. अंडी घालायला निघालेली मादी हळू उडते, रोपारोपावर खाली येते, क्षणभर पान शिवते आणि पुढे जाते. या कुळातील फुलपाखरांचे सहाही पाय पूर्ण वाढलेले असतात आणि मादी त्या पायांनी पानाची चव घेते. टाकळा असल्याची खात्री पटली की ती पोट वाकवून एकच अंडे ठेवते आणि उडून जाते. ती उडाली की त्याच रोपाची शेंड्याकडची कोवळी पाने तपासावीत. पानाच्या वरच्या बाजूला उभे असलेले, दोन्ही टोकांना निमुळते, पांढरे, तांदळाच्या बारीक कणीसारखे अंडे दिसेल. त्याची उंची जेमतेम सव्वा-दीड मिलिमीटर असते, तेव्हा वाचनाचा चष्मा बरोबर न्यायला हरकत नाही. एकाच पानावर अंड्यांचा पुंजका मिळाला तर तो बहुधा थ्री-स्पॉटचा असतो. त्याच्या अळ्याही कळपाने राहतात आणि त्यांची डोकी काळी असतात. कॉमनची अळी एकटी राहते आणि तिचे डोके हिरवे असते.

उबदार हवेत तीन-चार दिवसांत अंडे फुटते. बाहेर आलेली अळी प्रथम अंड्याचे कवच खाते आणि मग पानाचा वरचा थर खरवडू लागते, त्यामुळे पानावर अर्धपारदर्शक खिडक्या पडल्यासारख्या दिसतात. मोठी झाल्यावर ती पान कडेने कुरतडते. चार वेळा कात टाकून ती पाचव्या अवस्थेत पोहोचते तेव्हा अडीच-तीन सेंटिमीटर लांब, पानाच्याच रंगाची, अंगभर बारीक लव असलेली आणि कुशीला एक पांढुरकी रेघ असलेली असते. दिवसा ती पानाच्या मधल्या शिरेवर ताठ पडून राहते, आणि या स्थितीत ती शिरेपासून वेगळी काढणे अनुभवी डोळ्यालाही अवघड जाते. म्हणून मी अळी शोधत नाही, खाण्याच्या खुणा शोधतो. पर्णिकेची कड अर्धवर्तुळाकार खाल्लेली आणि खालच्या पानावर हिरव्या-काळ्या विष्ठेचे ताजे कण पडलेले दिसले, तर अळी त्याच रोपावर असते.

टाकळ्यावर सापडलेली प्रत्येक हिरवी अळी ग्रास यलोची समजू नये. मॉटल्ड एमिग्रंट नावाचे मोठे, हिरवट-पांढरे फुलपाखरूही टाकळ्यावर अंडी घालते. त्याची अळी अधिक मोठी होते आणि तिच्या कुशीच्या पांढऱ्या रेघेवर काळे ठिपके रांगेने असतात. तुमच्या माळावर ही दोन्ही असतील असे धरूनच शोधा.

अळीचा काळ हवेप्रमाणे दोन आठवड्यांच्या आसपास असतो. थंडीत तो लांबतो. मग ती एखाद्या काडीवर किंवा पानाच्या खाली रेशमाची गादी विणते, शेपटीचे टोक त्यात अडकवते आणि कमरेभोवती रेशमाचा एक धागा बांधून कोश बनते. कोश फिकट हिरवा, डोक्याकडे टोकदार आणि पंखांच्या जागी फुगीर कडेचा असतो, त्यामुळे तो वळलेल्या पानासारखा दिसतो. साधारण आठवड्याने कोशाच्या कवचातून पिवळा रंग आणि काळा काठ दिसू लागतो. तसा दिसला की दुसऱ्या दिवशी सकाळी फुलपाखरू बाहेर येते, पंख लोंबते ठेवून वाळवते आणि दुपारपर्यंत उडून जाते. अंड्यापासून उडण्यापर्यंतचा हा सारा प्रवास पावसाळ्यात तीन-चार आठवड्यांत पूर्ण होतो.

तुम्ही अळ्या घरी वाढवून पाहणार असाल तर एकच काळजी आवर्जून घ्या. पहिल्या वर्षी मी त्या झाकणाच्या काचेच्या बरणीत ठेवल्या. पानांतली ओल आत कोंडली, विष्ठेवर बुरशी आली आणि बहुतेक अळ्या दगावल्या. त्यानंतर मी टाकळ्याची फांदी पाण्याच्या लहान बाटलीत उभी करून तिच्याभोवती जाळीचे कापड बांधतो, बाटलीचे तोंड कापसाने बंद करतो आणि विष्ठा रोज झाडून काढतो. टाकळ्याची पाने संध्याकाळी मिटतात, तेव्हा ती कोमेजली असे समजून फांदी बदलण्याची घाई करू नये. अळीच्या अंगावर किंवा शेजारी लहान पांढरे कोश दिसले तर ते परजीवी गांधीलमाशांच्या अळ्यांचे आहेत, तुमच्या हातून काही चुकलेले नाही. माळावरही अशा माशा, कोळी आणि मुंग्या मिळून अळ्यांचा मोठा वाटा संपवतात, आणि मादी इतकी अंडी घालते त्यामागे हेच कारण आहे.

इथपर्यंतचे एकत्र मांडतो, कारण पुढचा निर्णय यावरच उभा आहे. जात एक आहे, रूपे दोन आहेत, आणि तुमच्या माळावर तिचे वाढणे मुख्यतः टाकळ्यावर होते. टाकळा मृगाच्या पावसावर उगवतो आणि मार्गशीर्षापर्यंत वाळून जातो. म्हणजे वर्षातले पाच महिने अन्न मुबलक आणि उरलेले सात महिने जवळजवळ नाही. तुम्हाला भाद्रपदात शेकडो आणि पौषात मोजकी फुलपाखरे दिसतात, त्याचे कारण या हिशेबात आहे.

हा हिशेब जरा खोलवर पाहण्यासारखा आहे. जूनच्या अखेरीस माळावर जी फुलपाखरे दिसतात ती फार थोडी असतात. काही कोरडा ऋतू तग धरून काढलेली, तर काही ओढ्याकाठच्या शेवरीवर, विलायती चिंचेवर किंवा शिरीषाच्या पालवीवर वाढून आलेली. या थोड्या माद्या कोवळ्या टाकळ्यावर अंडी घालतात. त्यांची पिल्ले जुलैच्या शेवटी उडू लागतात, त्यांची पुढची पिढी ऑगस्टच्या अखेरीस, आणि असे करत नोव्हेंबरपर्यंत चार-पाच पिढ्या होतात. आषाढात संततधार असताना तुम्हाला माळ रिकामा वाटतो, कारण ऊन नसेल तर ही फुलपाखरे उडतच नाहीत, परंतु त्याच दिवसांत पानांवर पुढच्या सगळ्या गर्दीचा पाया घातला जात असतो. म्हणून माझे उत्तर असे: टाकळा किती काढला यापेक्षा कधी आणि कुठून काढला हे अधिक महत्त्वाचे आहे, आणि संपूर्ण माळावरून जुलै-ऑगस्टमध्ये तो एकदम काढला तर त्या वर्षी भाद्रपदातली गर्दी दिसणार नाही.

तुमच्या वडिलांचे म्हणणे चुकीचे आहे असे मात्र मी म्हणणार नाही. गुरे टाकळा खात नाहीत. तो वाढला की खालच्या गवताला सावली पडते, कापलेल्या वैरणीत त्याच्या वाळक्या काड्या आणि शेंगा येतात आणि गवाणीत गुरे त्या बाजूला सारतात. पवन्या आणि मारवेल ही चाऱ्याची गवते असलेल्या चांगल्या जमिनीवर टाकळा माजू देणे म्हणजे वैरण घालवणे आहे. त्याबरोबर हेही लक्षात घ्या की टाकळ्याच्या बीचे कवच कठीण असते आणि बी जमिनीत अनेक वर्षे टिकून राहते, त्यामुळे एका हंगामात सगळी रोपे उपटल्याने टाकळा संपणार नाही. दरवर्षी थोडा थोडा आवरत नेणे हाच त्यावरचा खरा उपाय आहे. इथे वडिलांचे हित आणि फुलपाखरांचे हित एकमेकांच्या विरोधात जात नाही.

मी स्वतः अशा माळांवर काय करायला सांगतो ते सांगतो. दोन्ही एकर एकसारखे नसतात. एका भागात माती खोल असते आणि गवत चांगले येते, दुसऱ्या भागात मुरूम वर आलेला असतो, कुसळीशिवाय फारसे काही येत नाही, आणि टाकळा बहुधा या हलक्या जमिनीत, ओघळीच्या काठाने आणि बांधालगत दाटतो. खोल मातीच्या भागातला टाकळा आषाढाच्या सुरुवातीलाच, रोप वीतभर असताना, ओली जमीन असेपर्यंत हाताने उपटावा. त्या वेळी तो मुळासकट सहज निघतो आणि त्यावरची अंडीही तुलनेने थोडी असतात. कोवळा असेल तर भाजीलाही चालेल; कोकणात तर पहिल्या पावसातली ही आवडीची रानभाजी आहे. हलक्या जमिनीतला आणि बांधालगतचा टाकळा मात्र उभा राहू द्यावा. तो एकूण माळाच्या पाव भागाइतका राहिला तरी माझ्या पाहण्यात फुलपाखरांची संख्या टिकते, मात्र तो एका तुकड्यात न राहता बांधाच्या कडेने लांब पट्ट्यात राहिलेला बरा, कारण मादी कडेकडेने उडत रोपे शोधते.

राखलेल्या पट्ट्यातून बी पसरण्याची वडिलांना चिंता वाटेल, आणि ती रास्त आहे. त्यासाठी पट्ट्याचा गवताकडचा अर्धा भाग शेंगा हिरव्या असताना, साधारण सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, कापावा. कापलेली रोपे तिथेच बांधावर दोन-तीन दिवस सैल पडू द्यावीत, म्हणजे मोठ्या अळ्यांना उतरून शेजारच्या उभ्या रोपांवर जाता येते. लगेच ढीग करून गाडीत भरली तर त्या जिवंत राहत नाहीत. बांधाकडचा उरलेला अर्धा भाग नोव्हेंबरपर्यंत ठेवावा. पुढच्या वर्षी कोणता भाग राखायचा तो बदलला तरी चालेल. पाऊस लवकर थांबला तर शेंगा आधीच पिकतात, म्हणून तारखेपेक्षा शेंगेचा रंग पाहून कापणी ठरवा.

दोन गोष्टी करू नयेत असे मी आग्रहाने सांगेन. पहिली म्हणजे रुंद पानांच्या तणांवर फवारायचे तणनाशक. त्याने टाकळ्याबरोबर गवतातल्या एकदांडी, सहदेवी आणि लहान रानटी शेंगवर्गीय वनस्पतीही जातात, आणि प्रौढ फुलपाखरे मध घेतात ती याच बुटक्या फुलांवर. त्यांची सोंड लहान असल्यामुळे खोल नळीची मोठी फुले त्यांच्या उपयोगाची नसतात. दुसरी गोष्ट म्हणजे उन्हाळ्यात माळ जाळणे. कोरड्या ऋतूतील फुलपाखरे वाळक्या पानांखाली आणि गवताच्या ठोंबांत आसरा घेऊन असतात, आणि पुढच्या वर्षीची सुरुवात त्यांच्यापासूनच व्हायची असते. गवत कापून नेल्यावर राहिलेले खुंट पावसात आपोआप कुजतात, त्यासाठी आगीची गरज नसते.

ओढ्याकाठची शेवरी किंवा विलायती चिंच तुमच्याकडे असेल तर ती तोडू नका. उन्हाळ्यात छाटणी करायचीच असेल तर सगळी झाडे एकाच वेळी छाटू नका, म्हणजे कुठे ना कुठे कोवळी पालवी राहील. अशी पालवी असलेल्या ठिकाणी मला जानेवारीतही अंडी सापडली आहेत. ज्या माळांजवळ बारमाही हिरवे काहीच नाही तिथे मात्र हिवाळ्यातील माद्या दिवस काढत असलेल्या दिसतात आणि पावसाळ्यात गर्दी वाढायलाही उशीर लागतो. तुमच्या माळावर यांपैकी कोणती स्थिती आहे हे मला सांगता येणार नाही, ते तुम्हालाच पाहावे लागेल.

विहिरीच्या किंवा ओहोळाच्या काठी ओल्या मातीवर वीस-पंचवीस पिवळी फुलपाखरे पंख मिटून, एकमेकांना खेटून बसलेली तुम्ही पाहिली असतील. याला चिखलपान म्हणतात. ते बहुतेक सारे नर असतात आणि ओल्या मातीतून क्षार शोषून घेतात. तिथे गुरांचे मूत्र पडलेले असेल तर गर्दी अधिक होते. त्यासाठी काही मुद्दाम करण्याची गरज नाही, फक्त ती ओली जागा दगड-सिमेंटने बांधून काढू नये.

शेवटी, आपण जे करतो त्याचा परिणाम होतो का, हे कळण्यासाठी मोजणी हवी. बांधालगत दोनशे पावलांची एक वाट ठरवा आणि जूनपासून डिसेंबरपर्यंत आठवड्यातून एकदा, ऊन असताना, त्याच वेळी, त्याच वेगाने चाला. दोन्ही बाजूंना अडीच-तीन मीटरांत दिसलेली पिवळी फुलपाखरे वहीत लिहा, शेजारी काठ रुंद की अरुंद याची खूण करा आणि वाटेतल्या दहा ठरावीक टाकळ्यांवर अंडी किती, अळ्या किती हेही लिहा. पाऊस किंवा ढग असेल त्या दिवशी मोजू नका, नाहीतर हवामानाचा परिणाम फुलपाखरांच्या संख्येवर लादला जाईल. यंदा काहीच न उपटता एक हंगाम अशी नोंद झाली, तर पुढच्या वर्षीच्या आकड्यांची तुलना करायला आधार मिळेल. वडिलांना एवढा धीर धरणे शक्य नसेल तर खोल मातीचा भाग यंदाच साफ करा आणि मोजणीची वाट राखलेल्या पट्ट्यालगत घ्या.

माळाचा कोणता भाग हलका आहे, ओघळ कोणत्या बाजूने वाहते आणि गवताची कापणी नेमकी कोणत्या आठवड्यात होते, एवढे तुम्ही कळवलेत तर पट्टा कुठून कुठे राखावा हे मी अधिक नेमकेपणाने सांगू शकेन.